दंडावरची कात

आधीच सांगते, मी गंडेदोरे मानणारी बाई नाही. कुणाच्या अंगात आलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जाते. तरी हे लिहितेय, कारण... वाचाच.

सत्तर सालच्या पुढची गोष्ट. गाव केनवड, तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. आमचे हे शाळेत सायन्स शिकवायचे. शेतातल्या बिळातून धरलेला तळहाताएवढा केसाळ कोळी त्यांनी पाळला होता. लोक पोपट पाळतात, यांनी कोळी पाळला! गोळ्यांच्या काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून, माझ्याच स्वयंपाकघराच्या फळीवर. भाकर थापताना तो समोर. मला सहावा महिना होता, घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

पहिलं बाळ अडून गेलं होतं. त्यामुळे या वेळी सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि माझाही.

एका दुपारी कोळी बरणीत उताणा पडलेला दिसला. मेला एकदाचा, म्हणून मी खूश. हे धावत आले. "हात लावू नको, कात टाकतोय." आणि मला बळंच बसवून दाखवलं. शी... अंग उकललं आणि आतून ओला, पिवळट, लिबलिबीत जीव एकेक पाय ओढत बाहेर आला. मागे उरलं रिकामं टरफल, केसांसकट. मी मोरीत जाऊन ओकले.

सासूबाई मात्र टक लावून पाहत होत्या. बाईची सुटका सोपी व्हावी म्हणून आमच्याकडे गरोदर बाईच्या दंडाला सापाची कात बांधायचे.

"सापाची तं भेटूनच नाही राह्यली," त्या म्हणाल्या. "कात ते कातच व माय. एक पाय अडकला नाही त्याचा. हेच बांधतो."

"मले किळस येते."

"येऊ दे. पोरगं जित्तं पाह्यजे का नाही?"

त्यांनी माझ्यासमोर ते टरफल चिंधीत ठेवलं, चारी बाजूंनी शिवलं आणि दंडाला बांधलं. आतले केस टोचताहेत असं वाटायचं. झोपतानाही तो हात मी अंगापासून लांब ठेवायचे.

दिवस भरले. कळा सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. मी ओळखलं, मागच्यासारखंच होतंय. तेवढ्यात चिंधीत काहीतरी हललं... सावकाश, एकेक पाय ओढल्यासारखं. मी किळसेने किंचाळले, सगळं अंग आवळलं गेलं, आणि पोरगी बाहेर आली. रडत.

नंतर माझ्या सांगण्यावरून सुईणीने चिंधीची शिवण उसवली. आत दोन काती होत्या. एक जुनी, वाळून चुरा झालेली. दुसरी तिच्याहून मोठी — आणि ओली.

ह्यांनी बरणी उचलून पाहिली. कोळी जागच्या जागी होता, त्याने कात टाकलेली नव्हती. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारा हा माणूस, "शिवण आधी कोणी उसवली होती का?" एवढंच विचारू शकला. संध्याकाळी कोळी शेतात सोडून आला. सासूबाईंनी ती दुसरी कात सुकवली, परत चिंधीत शिवली आणि डब्यात ठेवली.

ती आली कुठून, मला आजही माहीत नाही. किळस तर तेवढीच आहे, लिहितानाही दंड खाजतोय. पण त्याच लेकीचे दिवस भरत आले आणि मूल आडवं आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा डब्यातली ती चिंधी मीच काढली.

"आई, काय आहे गं यात?" लेकीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि तिच्या दंडावरची गाठ घट्ट केली.