माफी कशाची?

माझी आत्या पडदे शिवते. ऑफिसांचे, दवाखान्यांचे, एकदा तर अख्ख्या नाट्यगृहाचा शिवला. तरुणपणापासून एकच कारखाना आणि खिडकीजवळचं एकच मशीन. तिच्याबद्दल सगळ्यांची मतं मात्र ठाम. शाळेतल्या बाईंच्या मते ती उद्धट, कारण बोलताना नजरेला नजर देत नसे. सासूच्या मते माणूसघाणी, कारण पाहुणे आले की ती मागच्या खोलीत जाऊन बसे. ते लग्न वर्षभरही टिकलं नाही. आणि माझ्या बाबांच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या मते ती दगड.

दगड हे नाव पडलं आजी गेली त्या दिवशी. घरात माणसं मावत नव्हती. जो तो दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडत होता, आणि आत्या स्टुलावर चढून आजीच्या खोलीतल्या पंख्याला मशीनचं तेल घालत होती. खाली पलंगावर आजी. बाबांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं. का गं असं करतेस, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

पुढे त्या प्रसंगाचा किस्सा झाला. चार माणसं जमली की बाबा तो रंगवून सांगायचे, खुर्चीवर चढून नक्कलही करायचे. लोक पोट धरून हसायचे. आत्या तिथेच बसलेली असायची आणि तीही हसायची. सगळे हसले की आपणही हसायचं, एवढं जग तिला शिकवून गेलं होतं.

मग कारखान्याच्या मालकाच्या मुलाला हुक्की आली आणि त्याने मशीनच्या हॉलमध्ये दिवसभर गाणी लावायला सुरुवात केली. आत्याने आधी विनंती केली, मग वायर उपसली, आणि शेवटी पडद्याच्या कात्रीने ती कापूनच टाकली. मालक म्हणाला, "कान तपासून घ्या, नाहीतर कामावर येऊ नका." कान ठणठणीत निघाले. कानाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी सोबत जात होते. बऱ्याच भेटींनंतर बाई शांतपणे म्हणाल्या, "हा ऑटिझम आहे. स्वमग्नता म्हणतात. जन्मापासूनच आहे." जन्मापासून, आणि कळलं कधी, तर त्रेपन्नाव्या वर्षी!

बसची वाट बघताना आत्या उसळली. "स्वमग्न? मी? अगं, जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बघत आले. हा हसतोय तो खूश होऊन, की टोमणा मारतोय? मी गप्प बसले तर चालेल, की राग येईल? स्वतःत मग्न व्हायला मला फुरसत कुठे होती?"

त्यानंतर तिचे मला फोन यायला लागले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट मुद्दा. "बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं ना, ते चूक होतं." एवढं बोलून फोन बंद. एकेक जुना खटला ती बाहेर काढत होती. तो पंख्याचा खटलाही निघाला.

"आईला त्या पंख्याची कुरकुर सहन होत नव्हती. मला म्हणाली, याचं काहीतरी कर गं. मी म्हटलं, उद्या करते. दुसऱ्या दिवशी ती गेली. मग काय करायचं होतं मी? तिच्या डोक्यावर तसाच कुरकुरत ठेवायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं मागणं तरी केवढंसं! बाबांनी ज्यांना तो किस्सा सांगितला, त्यांनाच आता खरं काय ते सांगावं. मी बाबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या साठीच्या कार्यक्रमाला सगळे असतील," ते म्हणाले, "तिथेच बोलतो."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. आत्या नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. बाबांनी माइक घेतला. "माझ्या बहिणीला एक आजार आहे. बिचारीला काही कळत नव्हतं, आणि आम्ही तिला दगड म्हणायचो. आज सगळ्यांच्या साक्षीने मी तिला मोठ्या मनाने माफ करतो."

टाळ्या! एका काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकून होते. इथे फाशी देऊन झाल्यावर वर संन्याशालाच माफी!

आत्या उभी राहिली. "माफी? कशाची?"

"अगं, बस ना आता."

"पंख्याचं काहीतरी कर, असं आई म्हणाली होती. ते सांग यांना."

"आजच्या दिवशी जुनं कशाला उकरायचं?"

"तू दर वेळी उकरलंस. मी तिथेच बसलेली असायचे. सांग यांना, मला कळत होतं. आई गेली हे मला तुझ्याइतकंच कळत होतं!"

तिचा आवाज चढला. लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. बाबा पाहुण्यांकडे वळून समजूतदारपणे हसले. "घाबरू नका हं. आजारच तसा आहे. अशी माणसं मधूनच भडकतात."

आत्या पुढे गेली. तिने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"दादा, हा आजार नाही. हा राग आहे, तुला येतो तसाच. आणि तो तुझ्यावर आहे."