बाबांच्या नावाचा बाक

बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाला अंगणात ठेवायला एक बाक दिला. गुळगुळीत दगडाचा, ठेंगणा, पाठीवर बाबांचं नाव कोरलेला. परवा सहज गेलो, तर बाक कोवळ्या उन्हात रिकामा आणि चार म्हातारी माणसं शेजारच्या भिंतीला टेकून उभी. मला आधी बरंच वाटलं. नावाचा मान राखत असतील!

"बसा की," मी तिथल्या सुमनकाकूंना म्हणालो.

त्या संकोचल्या. "बसता येतं हो, उठता येत नाही. धरायला काही नाही ना बाजूला." मग घाईघाईने म्हणाल्या, "पण दिसतो छान."

दिसतो छानच. मी फोटो बघूनच तर निवडला होता. म्हाताऱ्या माणसांची औषधं, पथ्यं सगळं आपण बघतो; ती बसल्या जागेवरून उठतात कशी, एवढंच बघायचं राहून जातं.

परतताना बाबा आठवले. शेवटची दोन वर्षं ते स्वयंपाकघरातल्या जुन्या, हात असलेल्या लाकडी खुर्चीतच बसायचे. हॉलमध्ये आम्ही नवा, ऐसपैस सोफा घेतला होता. पाहुण्यांसमोर मी ओरडायचो, "बाबा, सगळ्यांत येऊन बसा ना! असं तुटक काय वागता?"

"इथंच बरंय," ते म्हणायचे.

मी सोफ्यावरून न उठताच पुन्हा हाक मारायचो.

जिथे ते कधी बसलेच नसते, तिथे मी त्यांचं नाव कोरून ठेवलंय.