साक्ष कोणाविरुद्ध?

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बुधवारची प्रार्थना आमच्या घरी व्हायला लागली. त्यांना चर्चला जाता येईना, म्हणून थोडंसं चर्चच आमच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये यायचं: पाळकसाहेब, पेटी वाजवणारे एक काका आणि आसपासच्या पाच-सहा बायका. गाणी, वचन, मग कोणीतरी साक्ष द्यायचं. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगणं. शेवटी चहा. सासूबाई आठवडाभर त्या प्रार्थनेवर जगायच्या.

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, घरात धार्मिक कार्यक्रम करण्याआधी कमिटीची परवानगी घ्यावी. कोणाचं नाव नव्हतं, पण रोख कोणावर ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पाठवणारे सेक्रेटरी आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात, गिरगावातून आलेले. आजवर इतरांच्या पूजा झाल्या, जागरणं झाली, तेव्हा ही परवानगी कुठल्या कपाटात होती, असं मी टाईप केलं आणि नवऱ्याने फोनच काढून घेतला. "डोकं फिरलंय का तुझं? राहायचंय ना इथे?"

पुढच्या बुधवारी गेटवर काही अनोळखी तरुण उभे होते. आमच्याकडे येणाऱ्यांना अडवून विचारत होते, "किसके घर जा रहे हो? क्या चलता है उधर?" एकाने मोबाईल तोंडासमोर धरला होता. दोन बायका तिथूनच परत गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही गेले असते.

मी भित्री नाही, असं मला वाटायचं. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी भांडून आलेली बाई मी. पण त्या दिवसापासून बेल वाजली की दार उघडायला मी धजत नसे. कुरिअरवाल्यालासुद्धा मी दाराच्या भिंगातून निरखून बघायचे. आम्ही खिडक्या लावून, टीव्ही चालू ठेवून गायला लागलो. देवाची स्तुती कुजबुजत करताना चोरी केल्यासारखं वाटतं. नवरा म्हणाला, बंद करू या. सासूबाई म्हणाल्या, "मी गेल्यावर करा." मधे मी. शत्रूंसाठी प्रार्थना करा असं आम्हाला शिकवलंय, आणि मी करतच होते की: प्रभू, त्या खालच्या माणसाला आमच्या वाटेतून काढ.

एका मंगळवारी मी जिन्यात उभी राहून पाळकसाहेबांशी फोनवर बोलत होते, घरात रेंज येत नाही म्हणून. "आईंना उद्या साक्ष द्यायचीच आहे," मी म्हणाले. "हो, खालच्या सेक्रेटरींबद्दल. सगळ्यांसमोर. मी नको म्हटलं, पण ऐकत नाहीत." त्या पडल्या त्या दुपारी लिफ्ट बंद होती, नवरा ऑफिसात होता, आणि याच माणसाने वॉचमनला हाताशी घेऊन त्यांना खुर्चीतून खाली नेलं होतं. सासूबाई ते विसरायला तयार नव्हत्या. मला मात्र त्याचं कौतुक ऐकायची मुळीच इच्छा नव्हती.

बुधवारी पहिलं गाणं सुरू होतंय तोच बेल वाजली. पेटी थांबली. भिंगातून पाहिलं तर सेक्रेटरी. त्यांच्या मागे कोणी आहे का, ते दिसेना. एक बाई उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. साखळी लावूनच मी दार उघडलं.

माणूस घामाने निथळत होता. "वहिनी, केस करताय ना माझ्यावर? बायकोने जिन्यात ऐकलं. मावशीच साक्ष देणार, सगळ्यांसमोर. अहो, माझी सरकारी नोकरी आहे! ती गेटवरची पोरं माझी नाहीत. तीच पोरं आधी येऊन म्हणाली मेसेज टाका, मी टाकला. मी पण घाबरतोच ना त्यांना!"

मला हसू फुटलं आणि रडूही. साखळी काढली, त्यांना आत घेतलं, आमच्यात साक्ष कशाला म्हणतात ते सांगितलं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अरे बाबा, तू मला उचलून नेलंस ना, ते सांगायचं होतं. त्या दिवशी देवाने तुला धाडलं."

आता त्यांच्या जिवात जीव येईल असं मला वाटलं. पण चेहरा आणखीच उतरला. त्यांनी हात जोडले. "मावशी, हे तर अजिबात सांगू नका. बाहेर कळलं तर माझी खैर नाही."

आपण केलेलं चांगलं काम लपवावं लागणारा माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आम्ही निदान सगळे मिळून घाबरत होतो, तो एकटाच घाबरत होता. ज्याला वाटेतून काढ म्हणत होते, त्याला देवाने माझ्या दारात आणून उभं केलं होतं, आणि आता काय मागावं ते मला सुचेना.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "माणसांना नाही सांगत."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले, आवाज नाही. सेक्रेटरींना तेवढ्यात निघून जाता आलं असतं. ते दाराशी चपला हातात धरून उभे राहिले, सासूबाईंनी डोळे उघडेपर्यंत.