न विचारता केलेला सत्कार

पलूसची बातमी मला जर्मनीहून कळली. शीतलचा फोन होता. "भाऊ, भरतसर गेलं... सकाळी, वर्कशॉपातच. मला न्हाई पोचता यायचं. तुमी तरी जावा." मी कवठे महांकाळला राहतो, तासा-दीड तासाच्या अंतरावर. मला कुणी कळवलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या पोराला मात्र आधी कळलं होतं.

सर सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पलूसला वर्कशॉप काढलं. द्राक्षबागेतला दमटपणा मोजून रोगाची आगाऊ सूचना देणारं यंत्र तिथं बनायचं, आणि बनवणारे अभियंते त्यांचेच विद्यार्थी. त्यातले चौघे एकेक करून परदेशी गेले. माझं सरांकडं नेहमीचं येणं-जाणं; बालपण वडिलांच्या सायकलवरच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात गेलेलं. मी तडक पत्रक लिहिलं आणि चौघांना पळपुटे म्हटलं. सरांनी वाचून ते परत केलं. "लेखक, पळपुटं म्हणायला आदी हितं लढाई तरी दाखवा की!"

पण उरलेल्या शीतललाही जर्मनीहून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा सर हबकले. तो गेला तर यंत्राचं काम बंद पडणार होतं. मग आम्ही आमच्याकडं करतात तेच केलं. सत्कार ठेवला. चौकात फ्लेक्स लागला : 'मातीशी इमान राखणारा अभियंता'. शब्द माझे. थांबतोस का, हे शीतलला कुणीच विचारलं नव्हतं. फेटा बांधून तो मान खाली घालून बसला. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती. एवढ्या माणसांपुढं तो काय बोलणार? त्यानं नोकरी नाकारली.

पुढं वर्षभर तो वेळेवर यायचा, सांगितलं तेवढं करायचा. नवं काही सुचवणं बंद. एके दिवशी सर मला घेऊन त्याच्या घरी गेले. "शीतल, सत्कार करून मी तुला दावणीला बांधलं रं. चुकलो. पुन्हा अर्ज कर. शिफारस मी लिवतो."

परतताना मी भडकलो. "सर, तुम्हीच पोरं धाडायला लागलात?"

"तुला राग येतोय, त्यो बरोबर हाय गड्या. पर त्याच्या डोक्याला पुरंल असं काम मला हितं उभं करता आलं न्हाई... फेटा काय कुणीबी बांधतंय."

शीतल गेला. सरांनी वर्कशॉपमागं एक खोली बांधायला घेतली, नव्या यंत्रांच्या प्रयोगशाळेसाठी. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन खेटे घालत राहिले. भिंती उभ्या राहिल्या, वीज आली. उपकरणं आलीच नाहीत. माणसं निघून जातात म्हणून भाषणं ठोकणारे किती, आणि एक खोली भरून देणारा एकही नाही!

सरांचं दिवसकार्य झाल्यावर परवा पलूसला गेलो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्या रिकाम्या खोलीत केर काढत होत्या. सर रोज सकाळी काढायचे, तसाच. मी म्हटलं, "काकू, आता कशाला?"

त्या वाकलेल्याच राहिल्या. "कुणी पोरगं काम बघाय आलं तर? धूळ बघून माघारी जाईल की रं."