विठ्ठलवाडी झोनच्या सगुणामावशी

आमच्या लोकांत एक खोड आहे. कुणी मोठेपणा देऊ केला की आधी नको म्हणायचं. निदान दोनदा तरी. पहिल्याच झटक्यात हो म्हणणारा हावरा ठरतो आणि मग लग्नाच्या मांडवापर्यंत त्याचं नाव निघत राहतं. मी रेजिना परेरा, माहेरची ठाण्याची, लग्न होऊन विठ्ठलवाडीला आलेली. मला चर्चच्या कौन्सिलची सेक्रेटरी केलं तेव्हा मीपण "छे छे, मला कुठे जमतंय" म्हणालेले, आणि मनात म्हणत होते, करा की एकदाचं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे नको म्हणणाऱ्याकडे कुणी लक्षच देत नाही. सगुणामावशींचं हेच झालं.

शहाऐंशी साली आमच्या कल्याणच्या चर्चला फादर लिगोरी आले. त्याआधी चर्चचा कारभार म्हणजे जुने फादर आणि डिसोझा अंकल. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की दोघं व्हरांड्यात उभे राहायचे आणि काय ते ठरायचं. आम्हाला कळायचं पुढच्या रविवारी, वेदीवरून. फादर लिगोरींनी आल्या आल्या सांगून टाकलं, "चर्च माझ्या एकट्याचं नाही. आपण पॅरिश कौन्सिल करायची." डिसोझा अंकलचं तोंड असं झालं की काय सांगू! मला तर बाई बरंच वाटलं.

पॅरिश म्हणजे एका चर्चखालची सगळी वस्ती, तिचे झोन पाडले. विठ्ठलवाडी, शहाड, ठाकुर्ली आणि खुद्द कल्याणचे दोन. प्रत्येक झोनने आपली दोन माणसं द्यायची, एक बाई, एक पुरुष. उभं कुणी राहायचं नाही, प्रचार करायचा नाही. सगळ्यांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलमधला एक उतारा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मनात येईल ते नाव चिठ्ठीवर लिहायचं. तरुणांच्या संघटनेचा एक, गरिबांना मदत करणाऱ्या मंडळाचा एक, आणि दोघं-तिघं फादर स्वतः घेणार. मुदत तीन वर्षं. आणि हेही त्यांनी आधीच स्पष्ट केलं, की कौन्सिल सल्ला देणार, शेवटचा शब्द फादरचा. "मग एवढा खटाटोप कशाला?" डिसोझा अंकल माझ्या कानाशी पुटपुटले.

विठ्ठलवाडी झोनची मीटिंग आमच्याच घरी झाली, फादरही आलेले. सगुणाबाई तोरणे आमच्या चाळीत मागच्या खोलीत राहायच्या. श्रीरामपूरकडच्या. नवरा लोको शेडमध्ये होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पौलस शहाडला एका कंपनीत लागलेला, मावशी डबे करून द्यायच्या, दोघांचं चाललेलं बरं. त्या वर्षी उन्हाळ्यात, फादर लिगोरी यायच्या आधीच, पौलसला कावीळ झाली आणि बघता बघता पोरगा गेला. बाविशीचा पोरगा हो. लग्नाचं बघत होते त्याच्या.

मातीला आम्ही सगळे गेलेलो. मावशी रडल्या नाहीत. बायकांनी दंड धरून हलवलं, "रडा मावशी, मोकळ्या व्हा." त्या म्हणाल्या, "यीना गं रडू. काय करू?" आणि पेटी खाली सोडताना दुसऱ्याच कुणाची माती असल्यासारख्या बघत उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या तशाच राहिल्या. उठायच्या, पाणी भरायच्या, पोळ्या लाटायच्या. विचारलं तर उत्तर द्यायच्या. नाही विचारलं तर दिवस दिवस बोलायच्या नाहीत. एकदा डबे घेणाऱ्या पोरांनी कुरकुर केली, आमटीत दोनदा मीठ पडतंय. मी सांगायला गेले तर वाटी पुढे करून म्हणाल्या, "तूच चाखून बघत जा, रेजिना. माझ्या जिभेला काही कळत न्हाई." तेव्हापासून रोज सकाळी मी जाऊन चाखायचे.

तर त्या चिठ्ठ्यांत मावशींचं नाव आलं. का आलं ते मला विचारा. आमच्या झोनमध्ये गोव्याचे आणि मंगळूरचे. यांना त्यांची बाई नको, त्यांना यांची नको. मावशी कुणाच्याच नाहीत. वर नुकताच पोरगा गेलेला, तेव्हा दोन्हीकडच्यांना त्यांची दयाही आली. दया आणि सोय अशी एकत्र आली की माणसं फार पुण्यवान होतात.

मावशी म्हणाल्या, "नगं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मला नगं, फादर. खरंच नगं."

फादर हसून म्हणाले, "पेत्र एवढा मोठा शिष्य, तोसुद्धा प्रभूला म्हणालाच होता, माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे." पुन्हा टाळ्या! मी त्यांच्या शेजारी बसलेले. मला दिसत होतं की ही बाई रीत म्हणून नको म्हणत नाहीये. तिसऱ्यांदा मावशी काही बोलल्याच नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि बसून राहिल्या. झालं, निवडून आल्या.

कौन्सिल महिन्याच्या पहिल्या रविवारी बसायची, चर्चच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात. बाकं एवढीशी. डिसोझा अंकलचे गुडघे हनुवटीला लागायचे. फादरनी त्यांना आपल्या कोट्यातून घेतलेलं, नाहीतर ते घरात बसून आजारी पडले असते. आधी प्रार्थना, मग मागच्या मीटिंगचं मी वाचून दाखवायचं, मग विषय. सणाला लाउडस्पीकर कुणाचा लावायचा. मिस्सेला उशिरा येणाऱ्यांना दारात उभं करायचं का. पंखे. एकेका पंख्यावर तासभर भांडण, देवा शपथ. आणि शेवटी फादर एकेकाला विचारायचे, तुमचं मत काय. मावशींचं मत ठरलेलं. "चालंल."

मराठी मिस्सा नऊची होती, ती सकाळी साडेसहाला नेली, का तर नऊला इंग्रजीला गर्दी होते. अख्ख्या कौन्सिलात नगरकडचं, मराठी मिस्सेला जाणारं माणूस एकच, सगुणामावशी. त्या काय म्हणाल्या? "चालंल." थंडीत पहाटे उठून मिस्सेला येणाऱ्या मराठी बायकांनी नंतर मला धरलं. मी काय करू? फादर मात्र सगळ्यांना सांगायचे, सगुणाबाईंकडून शिका, त्यांना अहंकार म्हणून नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एकदा बोललेच, "फादर, अहंकार नाही असं नाही. ती बाईच तिथे नाहीये." ते म्हणाले, वेळ हेच औषध. मोठ्या माणसांना असं एक वाक्य सापडलं की ती सुटतात.

अशी अडीच-तीन वर्षं गेली. मुदत संपत आलेली आणि विषय निघाला कबरस्तानाचा.

आमचं कबरस्तान चर्चच्या मागे, चिंचोळं. ज्यांनी कायमची कबर घेतलीय त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांची कबर दोन-तीन वर्षांनी उघडायची, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि त्या जागी दुसऱ्याला पुरायचं, असा नियम जुनाच. पण कुणाचं मन होत नाही, म्हणून बरीच वर्षं कबरी उघडल्याच नव्हत्या. त्या महिन्यात ठाकुर्लीची एक बाळंतीण गेली. तिला जागा मिळेना. घरच्यांनी दिवसभर टेंपो घेऊन हिंडून शेवटी दुसऱ्या गावच्या फादरच्या पाया पडून माती दिली. यानंतर फादरनी विषय घेतला, की भिंतीलगतची रांग उघडायची. मी विषय लिहिताना डोळ्यांपुढे रांग आणली आणि माझा हातच थांबला. पौलस त्याच रांगेत होता.

शनिवारी सकाळी आमटी चाखायला गेले तेव्हा सांगितलं. "मावशी, उद्या येऊच नका. मी सांगते ताप आलाय. नाहीतर या आणि सरळ नाही म्हणा. फादर मला बोललेत, कौन्सिलात एकाचीही हरकत असली तर ते तूर्त हात लावणार नाहीत."

त्या कणीक मळत होत्या. "बरं," म्हणाल्या.

"बरं म्हणजे काय? नाही म्हणणार ना?"

"मीठ बरोबर हाय का ते सांग," म्हणाल्या.

रविवारी मीटिंगला आल्या. डिसोझा अंकल उभे राहून बोलले, भावना बाजूला ठेवल्या पाहिजेत, व्यवहार बघितला पाहिजे. यांच्या घराण्याची संगमरवरी कबर गेटजवळ, तिला कोण हात लावतोय? माझ्या तोंडाशी आलेलं, पण सेक्रेटरीने लिहायचं असतं. फादर म्हणाले, "हे मी माझ्या एकट्याच्या शब्दावर करणार नाही. सगळ्यांचा होकार असेल तरच." आणि एकेकाला विचारत गेले. शहाड, हो. ठाकुर्लीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी, हो. कल्याणवाले, हो. मग मावशी.

"चालंल," मावशी म्हणाल्या.

मला राहवलंच नाही. पेन टाकलं आणि ओरडले, "अहो मावशी, काय चालेल? तुमच्या पौलसची कबर आहे त्यात! फादर, हे लिहायचं नाही. या बाईला काय विचारलंय तेच कळलेलं नाही!"

फादरना रांग माहीत होती, त्या रांगेत कोण कोण आहे ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही नाही म्हणू शकता. कुणी काही बोलणार नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "मला ठावं हाय, रेजिना. त्या बाळंतिणीच्या आईला दिवसभर लेकीला घेऊन हिंडावं लागलं. मी हिथं बसून नगं म्हणू?" मग फादरकडे वळून म्हणाल्या, "ल्ही म्हणावं तिला." त्या वर्गात त्या एवढं कधीच बोलल्या नव्हत्या. मी लिहिलं. ते अक्षर आजही वाचता येणार नाही.

पावसाळा संपून जमीन वाळल्यावर रांग उघडली. घरचे आले तरी चालतं, पण बहुतेक लोक येत नाहीत, काम झालं की खणणारा निरोप देतो आणि नंतर कोनाड्यापाशी मेणबत्ती लावायला येतात. मावशी आल्या. त्यांच्याबरोबर मी. कबर खणणारा भिवाजी, त्याने दोनदा सांगितलं, "आजी, तुमी तिकडं सावलीला बसा." त्या बसल्या नाहीत. फादरनी प्रार्थना म्हटली. भिवाजी खाली उतरला आणि एकेक हाड वर देत गेला, मी पांढऱ्या कापडावर घेत गेले. मी रडत होते, खोटं कशाला बोलू. मावशी बघत होत्या, तशाच, मातीच्या दिवशी बघत होत्या तशाच.

कोनाड्यात ठेवण्याआधी हाडं धुवायची पद्धत आहे. माती जाते. भिवाजीने हौदातून बादली भरून आणली. मी म्हटलं, मी धुते, मावशी, तुम्ही राहू द्या. त्या म्हणाल्या, "न्हाई, मी धुते," आणि जमिनीवर पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेतात ना, तशा. डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरची माती अंगठ्याने काढली. मग बादलीत हात घातला आणि एकदम मागे घेतला.

"आगं आई गं," त्या म्हणाल्या, "किती गार हाय हे पाणी!"

आणि मावशी रडायला लागल्या. तीन वर्षांचं रडू ते, मी तसं परत कुणाचं ऐकलं नाही. भिवाजी तोंड फिरवून उभा राहिला, फादरनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. मावशी लेकाला पोटाशी धरून मला सांगत होत्या, "ऊन पाणी आण गं रेजिना, ऊन पाणी आण त्याला."

मी धावत बाजूच्या कॉन्व्हेंटमध्ये गेले. स्वयंपाकघरात सिस्टर भाजी चिरत होत्या. म्हटलं, सिस्टर, पातेलंभर पाणी तापवून द्या लवकर. त्या म्हणाल्या, "एवढ्या दुपारी कशाला?"

म्हटलं, "पोराला आंघोळ घालायचीय."