दुधाचा व्हॉल्व्ह

देवमन कागदांना विटले होते, यात नवल ते काय! अकोल्याच्या एमआयडीसीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात तीस वर्षं माणसानं दुसरं केलंच काय? माल कोण घेतो, कशाला घेतो, हेच विचारत बसायचं. गिऱ्हाईक वैतागायचं, मालक वैतागायचा. त्यात इथला बेलोजचा व्हॉल्व्ह अणुभट्टीतही चालतो, म्हणून सरकारच्या नियंत्रण यादीत. परवान्याशिवाय एक नग देशाबाहेर जायचा नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते. कधी एकदा सुटतो, असं झालं होतं बिचाऱ्यांना.

नेमकी तेव्हाच परदेशातून चाळीस व्हॉल्व्हची ऑर्डर आली. वापर कशासाठी? तर म्हणे, डेअरी.

आता एखाद्या शहरी साहेबाला हे खपलं असतं. देवमनच्या बार्शीटाकळीच्या घरी दोन म्हशी. दुधाचं भांडं रोज उघडून घासलं नाही तर काय वास सुटतो, ते त्यांना ठाऊक. या व्हॉल्व्हच्या आत बेलोज, म्हणजे धातूच्या बारीक घड्यांची नळी, तीही वेल्ड केलेली. तिच्यात अडकलेलं दूध धुणार कसं, कपाळ? त्यांनी दोनदा पत्र टाकून विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर, डेअरी.

शेवटी कुलदीप, वडिलांच्या माघारी कारखाना चालवणारा मालक, टेबलाशी आला.

"काका, काहून अडून राहिले? साधा दुधाचा व्हॉल्व्ह आहे, परवाना लागत नाही म्हणून लिहा, सही करा अन् मोकळे व्हा. तीन महिने पोरं राबली यावर."

"दुधाचा नाही थो, कुलदीप. मले नाही जमत."

"मंग रागिणी करन सही."

शेजारच्या टेबलावरच्या रागिणीला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. तिनं मुकाट्यानं पेन उघडलं. देवमननी ते पाहिलं. उद्या चौकशी आली तर धरणार हिलाच. भांडायची ताकद नव्हती, नुसता वीट आला होता. त्यांनी कागद ओढला, 'दुधासाठी नाही, परवाना घ्यावा' असं लिहून खाली स्वतःची सही केली आणि स्कॅन करून थेट परवाने देणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला पाठवून दिला.

कुलदीपनं तो कागद उचलून वाचला. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

"बरं."

डबा घेऊन ते बाहेर पडले. हे चाळीस व्हॉल्व्ह घडवणारा साजिद लेथवरून ओरडला, "काका, गेली का ऑर्डर?"

"नाही बाप्पा," देवमन म्हणाले. "मीच गेलो."