नळीतल्या चार खाचा

सांगलीहून निघताना बायकोनं डब्याबरोबर एक टोमणाही बांधून दिला. "लोक तिकडे पोहरादेवीला दर्शनाला जातात, आणि तुम्ही गंजकं लोखंड बघायला चाललाय." मी डबा पिशवीत ठेवला. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं ऐकून घ्यायची मला या वयात सवय झाली आहे.

मी आयटीआयमधला निवृत्त फिटर-निदेशक. जुन्या रशियन लष्करी रायफली ओळखणं हा माझा नाद. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, पण एक रशियातल्या 'तुला' नावाच्या शहरातल्या कारखान्यातली असते, तिच्यावर हातोडा. एक इझेव्हस्कची, तिच्यावर धनुष्यबाण. तर काही पहिल्या महायुद्धात अमेरिकेत बनलेल्या, त्यांच्यावर कंपनीचं नाव. कुणाची नळी लांब, कुणाची आखूड, कुणाच्या नळीचं बूड गोल, कुणाचं अष्टकोनी. रायफली जमवायला कायदा परवानगी देत नाही आणि पेन्शनही देत नाही, म्हणून मी त्यांचे ठसे जमवतो. पातळ कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, शिक्का कागदावर उतरतो. अशा दोन वह्या भरल्यात. लोकांनी तज्ज्ञ म्हटलेलं मला आवडतं, हेही इथंच कबूल करून टाकतो.

देवानंदला माझा नंबर अकोल्यातल्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं दिला; बंदुकीचं वर्णन ऐकून ती रशियन असावी असं त्याला वाटलं होतं. रिसोडच्या बाजूला एका लहान गावात तो वांगी, मेथी, कोथिंबीर लावतो. गावाचं नाव मी लिहिणार नाही. फोनवर त्यानं सांगितलं ते असं. आजोबा एका जिनिंगवर पहारेकरी होते. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, '४१० मस्कत' (मस्केट, गुळगुळीत नळीची छऱ्याची बंदूक) अशी परवान्यावर नोंद आणि पुढे नंबर. आजोबांनंतर ती वडलांच्या नावावर झाली. वडील वारले, म्हणून देवानंद ती स्वतःच्या नावावर करायला ठाण्यात गेला. तिथं पाहतात तर बंदुकीवर नंबरच नाही! नंबर खोडलेलं हत्यार बाळगलं म्हणून गुन्हा नोंदवला, बंदूक जप्त केली. देवानंद आठ दिवस आत राहून जामिनावर सुटला होता.

"साहेब म्हनले, दुसऱ्या कोन्या पार्टावर नंबर सापडला अन् लायसनशी जुळला, तं आमी तसा रिपोर्ट देतो," तो म्हणाला. "नाई तं मले जेल हाये सर. तुमी येजा."

पोलिसांसाठी हिंदुस्थानात मस्कत करून दिलेल्या रशियन रायफलींबद्दल मी फक्त वाचलं होतं. त्या बहुतेक अमेरिकेत बनलेल्या. त्यांच्या नळीतल्या खाचा खरवडून आतून गुळगुळीत करत, म्हणजे छऱ्याचं काडतूस चालावं. अशी एकही माझ्या वहीत नव्हती. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. त्याच्यासाठी काढलं की वहीसाठी, ते त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही.

अकोल्याला उतरून एसटीनं वाशीम, तिथून दुसरी एसटी रिसोडला. वाटेत दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढलेली काळी रानं, मधे एखादं तुरीचं हिरवं वावर (शेत). वाशीमच्या अलीकडच्या मालेगावपुढे गाडीचा पट्टा तुटला आणि आम्ही तासभर बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिलो. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं माझं भिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"घड्याळी दुरुस्त करता काय?"

"नाही, बंदुका पाहतो."

"अरे बाप्पा!" असं म्हणून त्यानं भिंग माझ्या हातात ठेवलं आणि वाशीम येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

रिसोडच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या आणि उडती धूळ. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. देवानंद फाट्यावर घ्यायला आला होता. पन्नाशीचा, हडकुळा, बोलताना खाली पाहणारा माणूस. त्यानं माझी पिशवी घेतली ती घरापर्यंत खाली ठेवली नाही.

घर दोन खोल्यांचं. त्याची आई कौसल्याबाई दारातच उभी होती. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी ती हसली. त्या घरात दोन दिवसांत मी ऐकलेलं तेवढंच हसू.

"बंदूक कुठं ठेवायचात?" मी विचारलं.

तिनं देवळीकडे बोट केलं. खाली भिंतीला कुंकवाचे डाग होते. "दसऱ्याले काढो. इटकरीचा भुगा अन् चिच घेऊन मी घासो, तांब्याच्या गुंडासारखी (घागरीसारखी). लखलखीत करो. मंग कुकू लावो, झेंडूचा हार घालो. लगन होऊन आली तवापासून मीच घासली मास्तर. सासू म्हने, लोखंडावर मळ ठेवला तं देवी रुसते."

मी घास हातात धरून बसलो. नळीच्या बुडावरचा नंबर आणि दस्त्याच्या पत्र्यावरचा नंबर या बाईनं वर्षानुवर्षं भक्तीनं घासून टाकला होता. कुणी खोडला नव्हता, पूजेत गेला होता. हे कुठल्या पंचनाम्यात बसणार?

"मीच साहेबाले सांगतलं," ती म्हणाली. "म्या घासली, मले न्या. तं ते म्हने, आजी तुमी घरी जा."

"वाजवली कधी?"

"सासऱ्याच्या हातून वाजे. रोही (नीलगाय) वावरात आले का आवाज काढत. याच्या बापाच्या हातून कधीच वाजली नाई. त्यायनं नवी काडतुसं आणली तं बसतच नोती. म्हनले, बंदूक म्हातारी झाली."

इथं मला शंका यायला हवी होती. आलीही. सासऱ्याच्या हातून वाजणाऱ्या बंदुकीत मुलाच्या वेळी काडतूस बसेना, म्हणजे मधे काहीतरी बदललं. पण माझी शंका काळजीची नव्हती, हावरेपणाची होती. हिच्यात खाचा शाबूत असल्या तर? मग ही खरवडलेली मस्कत नव्हे, अस्सल रायफल. मला त्या विचारानं नीट झोप लागली नाही, आणि ती देवानंदच्या काळजीनं लागली नाही असं मी सकाळी त्याला भासू दिलं. लाज वाटते सांगायला.

सकाळी आम्ही तिघं ठाण्यावर गेलो. ठाण्याचंही नाव नको. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, चहा मागवला. जमादारानं मालखान्यातून (जप्त वस्तूंच्या खोलीतून) बंदूक आणली, लाखेचं सील दोन पंचांसमोर फोडलं आणि लिहायला बसला. कौसल्याबाई बाहेर ओट्यावर बसली. देवानंद माझ्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

मी आधी नंबर शोधले. नळीचं बूड आरशासारखं. दस्त्याचा पत्रा गुळगुळीत. काडतुसांच्या पेटीचं बूड, तेही घासलेलं. काडतूस आत सरकवणाऱ्या खटक्याच्या दांड्यावर (बोल्टवर) दोन आकडे उरले होते, ते परवान्याशी जुळत नव्हते. मग जमादाराच्या परवानगीनं स्क्रू काढले आणि लोखंड लाकडापासून वेगळं केलं. लाकडाच्या आत कौसल्याबाईचा हात कधी पोचला नव्हता. नळीमागच्या लोखंडी शेपटाच्या खालच्या बाजूला, काळ्या तेलाच्या थराखाली, करंगळीच्या नखाएवढं धनुष्य आणि त्यावर बाण!

इझेव्हस्क. अमेरिकन नव्हेच. मी पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. मी नळी खिडकीकडे धरली आणि एका डोळ्यानं आत पाहिलं. खाचा होत्या. चारही, पिळदार, कोऱ्या करकरीत. अशी नळी मी जन्मात पाहिली नव्हती.

"वा!" मी मोठ्यानं ओरडलो. "अहो, ही मस्कत नाहीच! ही अस्सल रशियन लष्करी रायफल आहे. हिला कुणी हात लावलेला नाही!"

जमादारानं पेन उचललं. "म्हंजे सर, खाचा हायेत?"

"चार. बघा, तुम्हीच बघा."

"मंग हे बंदीच्या बोअरातली (लष्करी मापाची, साध्या माणसाला मनाई असलेली) झाली न?"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. वर्गात एखाद्या पोरानं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं की म्हणायचो तसं, अगदी त्याच सुरात.

पेन कागदावर चालू लागलं, आणि तेव्हा मी मागे वळून देवानंदकडे पाहिलं. त्याला बोअर-बिअर काही कळलं नव्हतं. माझा आनंद पाहून तो हसत होता. त्याला वाटलं नंबर सापडला.

मी घाईघाईनं सांगायला लागलो. निवडणुकीच्या आधी परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा होतात. आजोबांच्या नंतरच्या कुठल्यातरी वेळी दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुकांची अदलाबदल झाली असणार. म्हणूनच काडतुसं बसेनात. या लोकांनी दुसऱ्याचीच बंदूक घरी नेली आणि तिचीच पूजा केली. यांचा काय दोष?

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "शक्य हाये सर. पन बदलल्याचा कागद हाये काय?"

"नाही."

"अन् लायसनवाली मस्कत मंग कुठी हाये?"

मी काढलेले स्क्रू गोळा करायला लागलो. मी यायच्या आधी देवानंदवर नंबर खोडल्याचा आळ होता. आता घरात बंदी असलेली रायफल सापडल्याचा झाला, आणि परवान्याची बंदूक गायब केल्याचा वेगळा. हे दोन्ही मी, भाड्याचे पैसे स्वतः घालून, सांगलीहून येऊन केलं होतं. गप्प बसलो असतो तर? नंबर सापडला नाही एवढंच म्हणून उठलो असतो तर? जमादारानं पंचनामा पुढे सरकवला. मी सही केली. लिहिलेलं सगळं खरं होतं.

देवानंदला त्यांनी तिथंच बसवून घेतलं. तोवर त्याच्या लक्षात आलं होतं. तो मला एवढंच म्हणाला, "सर, मायले जीपमधी बसवून देजा. तिले एकटीले चढता येत नाई."

बाहेर ओट्यावर मी कौसल्याबाईला सगळं सांगितलं, जमेल तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी सांगतलं ते खरं हाये काय, मास्तर?"

"हो."

"खरं हाये, हे तुमाले ठावं होतं. पन ते त्यायले ठावं नोतं न?"

"नव्हतं."

"मंग कायले सांगतलं?"

जीप आली. मी तिला हात धरून चढवलं. तिचे तळहात खरखरीत होते. पुढच्या सीटवरच्या माणसाला ती म्हणाली, "सरका वो, पावण्याले बसू द्या." माझ्यासाठी जागा करून देत होती. मी रिसोडपर्यंत तिच्या शेजारी बसलो. तिथून ती गावच्या जीपकडे गेली आणि मी एसटीकडे.

परतीच्या प्रवासाचं काय लिहू? तीच काळी रानं, तीच धूळ. धनुष्यबाणाचा ठसा मी ठाण्यात घेतला होता, पंचनाम्याच्या आधी. एवढा स्वच्छ ठसा माझ्याकडे दुसरा नाही. बायकोनं दारातच विचारलं, "मिळालं का हवं ते?" मी हो म्हणालो आणि आंघोळीला गेलो. तिला सगळं सांगायला मला चार दिवस लागले. ती टोमणा मारील म्हणून वाट पाहिली, पण तिनं मारला नाही.

देवानंदच्या वकिलाला मी फोन केला, काही करता येईल का म्हणून. तो म्हणाला, तुमच्या सहीशिवाय ते काहीच सिद्ध करू शकले नसते, काका.

परवा समन्स आलं आहे. देवानंदच्या खटल्यात वाशीमच्या कोर्टात मला सरकारतर्फे साक्ष द्यायची आहे. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव पहिलं आहे, आणि नावापुढे कंसात लिहिलंय: तज्ज्ञ.